बटण दाबले की आवाज पोहोचलाच पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

धुराने भरलेल्या जिन्यात अग्निशमन दलाचा एक जवान गुडघ्यांवर रांगत पुढे सरकतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. हातांत जाड मोजे, तोंडावर श्वसनयंत्राचा मुखवटा, समोर काळोख. छातीवर अडकवलेल्या बिनतारी संचाचे बटण तो अंगठ्याने चाचपतो, दाबतो, क्षणभर थांबतो आणि बोलतो. त्याच क्षणी खाली उभे असलेले त्याचे अधिकारी, वरच्या मजल्यावरचे सहकारी आणि कित्येक मैल दूर असलेला नियंत्रण कक्ष असे सगळे जण त्याचे शब्द एकदमच ऐकतात. त्याने कोणाचा नंबर फिरवलेला नसतो आणि पलीकडे कोणी फोन उचललेला नसतो. हे एक बटण जुन्या बिनतारी यंत्रणेतून काढून मोबाईलच्या ब्रॉडबँड जाळ्यावर नेण्याचे काम ब्रिटनने २०१५ साली हाती घेतले. चार वर्षांत पुरे व्हायचे ते काम अजून पुरे झालेले नाही, आणि ते का झालेले नाही हे आज मी आपल्याला सांगणार आहे.

ब्रिटनमधील पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा आज जी यंत्रणा वापरतात तिचे नाव एअरवेव्ह. ‘टेट्रा’ या डिजिटल पद्धतीवर चालणारी ही यंत्रणा या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिली आणि तिच्यावर तीन लाखांहून अधिक माणसे अवलंबून आहेत. तिच्यावर बोलणे उत्तम चालते, परंतु छायाचित्र, नकाशा, चलच्चित्र यांतले काही पाठवायचे म्हटले की ती हात टेकते. कारण ती जन्मली तेव्हा फोनमधून चित्र पाठवण्याची कल्पनाही सामान्य माणसाच्या मनात नव्हती. आज मात्र रुग्णवाहिकेतून हृदयाचा आलेख रुग्णालयात आधीच पोहोचावा, जळत्या इमारतीचा आराखडा जवानाला आत शिरण्यापूर्वी दिसावा, ड्रोनने टिपलेले दृश्य अधिकाऱ्याच्या हातात यावे, अशी अपेक्षा असते आणि ती मुळीच अवाजवी नाही. त्यात एअरवेव्हचा खर्चही जड होता. म्हणून ठरले असे, की वेगळे मनोरे आणि वेगळ्या लहरी न ठेवता, सामान्य ग्राहकांना सेवा देणाऱ्या ईई या कंपनीच्या फोर-जी जाळ्यावरच आपत्कालीन सेवा न्यायच्या. या नव्या व्यवस्थेला ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस नेटवर्क’ असे नाव मिळाले आणि २०१९च्या अखेरीस एअरवेव्ह बंद करण्याची तारीखही ठरली.

सामान्य ग्राहकांबरोबर एकाच जाळ्यावर राहणे म्हणजे काय, याचा अनुभव लंडनने ७ जुलै २००५ रोजी घेतला होता. भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. जमिनीखाली रेल्वे पोलिसांखेरीज इतर दलांचे संच चालत नव्हते, आणि जमिनीवर सगळे शहर एकाच वेळी आपापल्या माणसांना फोन लावत होते. लाखो कॉल लागलेच नाहीत. रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी तोवर मोबाईलवर विसंबू लागले होते, आणि त्यांचेही फोन त्या गर्दीत अडकले. शेवटी सिटी ऑफ लंडनच्या पोलिसांनी ऑल्डगेट स्थानकाच्या परिसरात एका कंपनीचे जाळे सामान्य ग्राहकांसाठी बंद करायला लावले, तर ज्यांच्या फोनमध्ये खास सवलतीचे सिमकार्ड नव्हते असे बचाव कर्मचारीही त्या कुंपणाबाहेरच राहिले. त्यानंतर १९ दिवसांनी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री खिशातला मोबाईल मुका होऊन बसल्याचे ज्या मुंबईकर श्रोत्यांना आठवत असेल, त्यांना या लंडनच्या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या अडचणीवर फोर-जीमध्ये उत्तर आहे. पोलिसाचा किंवा जवानाचा संदेश आला की जाळे त्याला आधी वाट देते, आणि जागाच उरली नसेल तर एखाद्या सामान्य ग्राहकाचा दुवा तोडून ती मोकळी करते. हा भाग बऱ्यापैकी जमला आहे. घोडे अडते ते बटणापाशी.

बिनतारी संचावर बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात, आणि त्यांच्यासाठी लहरींवरून संदेश एकदाच जातो. (मी आत्ता आपल्याशी बोलतो आहे तेही तसेच, ऐकणारे दहा असोत की दहा हजार, प्रक्षेपकाला फरक पडत नाही.) मोबाईलचे जाळे मात्र मुळात दोघांनी आपसांत बोलण्यासाठी घडवलेले आहे. एकाच गल्लीत चाळीस जवान असतील तर चाळीस जणांना तोच आवाज वेगवेगळा पुरवायचा, किंवा त्यासाठी जाळ्यात प्रक्षेपणाची निराळी सोय करायची. शिवाय हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत व्हायला हवे, कारण दुवा जुळायला वेळ लागला तर तोडले जातात ते पहिले शब्द. इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभी असतो. ‘डोन्ट गो इन’ यातला ‘डोन्ट’ गळला की जे उरते ते थेट आत शिरण्याचा हुकूम असते. आपल्या भाषेत धोका दुसऱ्या टोकाला आहे: ‘आत जाऊ नका’ म्हणताना बटणावरचा अंगठा घाईने उचलला गेला तर ‘नका’ हवेतच राहतो.

बटणाची ही शिस्त मोबाईलच्या भाषेत बसवणारे आंतरराष्ट्रीय मानक मार्च २०१६ मध्ये पुरे झाले. ब्रिटनने मुख्य कंत्राटांवर सह्या केल्या डिसेंबर २०१५ मध्ये. म्हणजे मानक हाती येण्यापूर्वीच सरकारने यंत्रणा विकत घेतली आणि ती बसवण्याची तारीखही जाहीर केली. याला मी तरी उतावीळपणाच म्हणेन.

दुसरी चूक अधिक महागात पडली. नव्या जाळ्यावरच्या बटणाची आज्ञावली पुरवण्याचे काम मोटोरोला कंपनीकडे होते, आणि त्याच कंपनीने २०१६च्या आरंभी एअरवेव्ह विकत घेतली. जुन्या चाळीचे भाडे ज्याच्या खिशात जाते त्यालाच नवी इमारत बांधायला सांगितले, तर पुनर्विकासाचे काय होते हे चाळकऱ्यांना ठाऊक आहे. कंपनीने मुद्दाम विलंब केला, असे मी म्हणत नाही. नवे जाळे लांबणीवर पडेल तितकी वर्षे जुन्याचे उत्पन्न चालू राहते, एवढे मात्र कोणालाही दिसत होते. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने चौकशी केली आणि २०२३ साली असा निष्कर्ष काढला, की खऱ्या स्पर्धेत आकारता आले असते त्याहून वर्षाला सुमारे २० कोटी पौंड अधिक या सेवेपोटी आकारता येत होते. त्यानंतर दरांवर मर्यादा घालण्यात आली. मोटोरोला तोवर नव्या जाळ्याच्या कामातून बाहेर पडली होती, ते काम पुढे आयबीएमकडे गेले, आणि एअरवेव्ह बंद होण्याची तारीख सरकत सरकत दशकाच्या शेवटापर्यंत गेली. नव्या जाळ्यावर २०२३ पर्यंतच सुमारे २ अब्ज पौंड खर्ची पडले होते.

तारखा सरकण्यामागे केवळ कंत्राटे नाहीत, भूगोलही आहे. ग्राहक जिथे राहतात तिथे मोबाईल कंपनी मनोरा उभारते. गिर्यारोहक मात्र जिथे कोणी राहत नाही अशा स्कॉटलंडच्या डोंगरात हरवतो. अशा ओसाड भागांसाठी सरकारला आपल्या खर्चाने जवळपास तीनशे मनोरे उभारण्याचे काम अंगावर घ्यावे लागले. आणि जिथे मनोराच नाही, किंवा तो पडला आहे, तिथे दोन टेट्रा संच एकमेकांशी थेट बोलू शकतात. मोबाईल फोनला ही कला अजून नीट साधलेली नाही. फोन साधारण ०.२ वॉट शक्तीने लहरी सोडतो, तर हातातला टेट्रा संच एक वॉट किंवा त्याहून अधिक. तळघरात जाड भिंतींच्या पलीकडे असलेल्या सोबत्यापर्यंत आवाज न्यायचा तर हा फरक फार मोठा आहे.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलाचे ३४३ जण मरण पावले. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तरेकडील इमारतीतल्या कित्येकांपर्यंत बाहेर पडण्याचा हुकूम पोहोचलाच नव्हता. त्या धड्यातून २०१२ साली कायदा झाला, फर्स्टनेट हे जाळे उभे राहिले आणि त्यासाठी ७०० मेगाहर्ट्झमधील खास पट्टा राखून ठेवला गेला. परंतु तिथल्या बहुतेक दलांनी जुने बिनतारी संच टाकून दिले नाहीत. २०२० साली नाताळच्या सकाळी नॅशव्हिल शहरात फर्स्टनेट चालवणाऱ्या एटी अँड टी कंपनीच्या केंद्राबाहेर स्फोट झाला, वीज गेली, काही तासांनी बॅटऱ्या संपल्या आणि त्या भागातील फर्स्टनेटची सेवाही खंडित झाली. त्या दिवशी जुना संच कमरेला असणे किती उपयोगी पडले असेल, हे वेगळे सांगायला नको.

लंडनच्या भुयारांत आता एकेका मार्गावर फोर-जी पोहोचू लागले आहे. गाडी बोगद्यात शिरली तरी प्रवाशांच्या हातातली चित्रे थांबत नाहीत, आणि त्याच तारांवरून पुढे आपत्कालीन सेवांचे नवे जाळेही चालावे अशी योजना आहे. त्याच फलाटावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या खांद्यावर मात्र आजही एअरवेव्हचाच संच आहे, आणि बोलायचे झाले की त्याचा अंगठा त्याच बटणावर जातो.

नमस्कार.