‘केक्को देस’ आणि वरच्या मजल्यावरची मुलं

नमस्कार. समोरचे बरेचसे चेहरे जपानी भाषेच्या एन-थ्री, एन-टू परीक्षांच्या अभ्यासाने पिचलेले दिसताहेत, म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करते. केक्को. कोशात अर्थ काय? छान, उत्तम. आणि दारात आलेल्या माणसाला कुणी ‘केक्को देस’ म्हणालं तर? तर अर्थ होतो, ‘नको, निघा आता.’ मी दुभाषी आहे, मला हे अर्थातच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दिवसातून तीस वेळा तोंडावर ऐकणं वेगळं. ते ऐकलेला एक मुलगा मला नागोयात भेटला. अमेरिकेच्या युटा राज्यातला, वय वर्षं १९. जपानात उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी त्याला ‘केक्को देस’ म्हटलं. याला वाटलं, बाईंना आपलं बोलणं फार आवडलं. त्याने आभार मानले आणि पुढे सुरू केलं. त्या पुन्हा म्हणाल्या, याने पुन्हा आभार मानले. तिसऱ्यांदा दार लागलं तेव्हा त्याच्या सोबत्याने त्याला बाजूला घेऊन अर्थ सांगितला.

२०१६ ते २०१९ आम्ही नागोयाच्या बाहेरच्या भागात राहत होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, मी भाषांतराच्या कामांवर. दोन मजली जुनी लाकडी इमारत, लिफ्ट नाही. आम्ही खाली आणि आमच्या डोक्यावर ही मुलं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, सायकल, हेल्मेट. मॉर्मन मिशनरी, म्हणजे दारोदार फिरणारे एका अमेरिकन चर्चचे धर्मप्रचारक. चर्चचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की मॉर्मन हे टोपणनाव आता वापरू नका. मी आज ते सोयीसाठी वापरते आहे, त्यांनी ऐकलं तर रागावणार नाहीत. रागावायची त्यांना परवानगीच नाही.

त्यांचा दिवस मला पाठ झाला होता, कारण तो माझ्या छतावरून चालायचा. सकाळी साडेसहाला गजर. मग अर्धा तास धप्प, धप्प, धप्प. जोर-बैठका. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा हलायचा. आठला शांतता, म्हणजे धर्मग्रंथाचं वाचन. मग दोघं मिळून अभ्यास, मग जपानीचा अभ्यास. हा भाग मी चहा पीत चोरून ऐकायचे, क्रियापदांची रूपं ते मोठ्याने घोकायचे. त्यानंतर जिन्यावरून बूट वाजायचे आणि सायकलींची कुलुपं खटकायची. रात्री नऊ, साडेनऊला परत. साडेदहाला दिवा बंद. पुण्यातल्या कुठल्याही होस्टेलच्या रेक्टरला हेवा वाटावा असं हे वेळापत्रक. २०१७ पासून ते थोडं सैल केलं, म्हणजे वाचन आणि व्यायामाच्या वेळा देश पाहून मागेपुढे करता येतात. आमचं छत मात्र साडेसहालाच वाजत राहिलं.

हे सगळं म्हणजे धर्मप्रचाराची सेवा, मुलग्यांना २४ महिने आणि मुलींना १८ महिने. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. तो अर्ज करतो, सॉल्ट लेक सिटीतून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, नेमणूक येते. पूर्वी जाड पांढरं पाकीट यायचं आणि सगळं घर जमवून फोडलं जायचं. आता ऑनलाइन येते, घर तसंच जमतं. ब्राझील येईल, घाना येईल किंवा शेजारचं आयडाहो. वरच्या मुलाला नागोया आलं तेव्हा त्याच्या आजीने नकाशा काढला म्हणे. आणि खर्च? चर्च देत असेल असं मला वाटायचं. तसं नाही. मुलगा नाहीतर घरचे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरतात, पूर्वी ४०० डॉलर होती, २०२० पासून ५०० झाली. स्वस्त देशात गेला काय आणि जपानात गेला काय, रक्कम तीच. यातले कित्येक जण शाळेत असल्यापासून लोकांची गवतं कापून पैसे साठवतात.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी वयाची अट खाली आणली. मुलांसाठी १९ ची १८ झाली, मुलींसाठी २१ ची १९. जगभरात त्या वर्षाअखेर ५९ हजारांच्या आसपास मिशनरी होते, दोन वर्षांत ते ८५ हजारांवर गेले. मग पहिली लाट ओसरली आणि आकडा खाली आला, २०१८ च्या अखेरीस तो ६५ हजारांच्या आसपास होता. बारावी झाल्या झाल्या दोन वर्षं. कॉलेज थांबतं, मैत्रीण थांबते, कधी कधी थांबत नाही.

भाषा ते शिकतात युटातल्या प्रोव्हो गावी. पन्नासहून जास्त भाषा तिथे शिकवतात. जपानीसारख्या भाषेसाठी साधारण नऊ आठवडे. नऊ आठवडे! इथे आपण हिरागाना-काताकाना या लिप्यांत दोन महिने घालवतो. शिकवणारे बहुतेक तिथून सेवा करून आलेले विद्यार्थीच. पहिल्या आठवड्यात प्रार्थना जपानीत करायची, चुकली तरी. त्यामुळे या मुलांचा शब्दसंग्रह फार मजेशीर असतो. एका सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी त्यांची पिशवी पडून होती, वर पालिकेचं नाकारल्याचं स्टिकर. दोघांतला धाकटा हातात पिशवी घेऊन उभा. ‘कुइ-आरातामे’ म्हणजे पश्चात्ताप, हा शब्द त्याला येत होता. ‘आगानाइ’, पापाचं प्रायश्चित्त, तोही येत होता. ‘कानेन गोमी’ म्हणजे जळणारा कचरा, हा येत नव्हता. शेवटी पुण्याच्या बाईने युटाच्या मुलाला नागोया पालिकेचे नियम जपानीतून समजावले. आमची ओळख तिथून.

पण महिनाभरात त्याचं जपानी असं काही धावायला लागलं की मला माझ्याच पदवीची काळजी वाटली. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाला, ‘लोक नाही म्हणतात ना, त्यातून.’ आणि त्याने मला नकारांची यादीच ऐकवली. ‘केक्को देस’ तर झालाच. ‘मानिआत्ते इमास’, म्हणजे आमच्याकडे पुरेसं आहे. हे खरं तर विक्रेत्याला म्हणायचं, पण देवाबद्दलही चालतं. ‘इमा इसोगाशिइ’, कामात आहे. ‘शुक्यो वा चोत्तो...’, म्हणजे धर्म जरा... आणि पुढे काही नाही. जपानीत ‘चोत्तो’ म्हणून वाक्य अर्धं सोडलं की उरलेलं अर्ध तुम्ही समजून घ्यायचं. इंटरफोनवर नुसता उसासा, मग खट्. तेही एक उत्तर. तो म्हणाला, आवाजाची पट्टी चढली की समजायचं बाई घाबरली आहे, लगेच वाकून निघायचं. भाषेची इतकी बारीक जाण मला एम.ए.च्या वर्गात कुणी दिली नव्हती. इथे बसलेल्यांना माझा एक आगाऊ सल्ला: परीक्षेसाठी ऐकायच्या फिती लावता ना, त्यात नकार फार सभ्य असतात.

लोक घाबरायचे त्याला कारणही आहे. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो या पंथाने विषारी वायू सोडला. तेव्हापासून दारात धर्माचं नाव काढणारा माणूस म्हणजे संशयित. पुढे २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्च या आणखी एका पंथाचं प्रकरण निघालं आणि तो संशय ताजा झाला. या मुलांचा त्या दोघांशीही काडीचा संबंध नाही, पण बेल वाजवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. दोन वर्षांत एकाचाही बाप्तिस्मा नाही, असं जपानात सर्रास होतं.

ही परंपरा मात्र जुनी आहे. १९०१ मध्ये हीबर ग्रांट तीन जणांना घेऊन योकोहामाला उतरले. पुढे ते चर्चचे अध्यक्ष झाले, पण जपानी त्यांना काही जमली नाही. दोन वर्षांत ते परत गेले. त्यांच्याबरोबर अल्मा टेलर नावाचा मुलगा होता, वय १९. तो साडेआठ वर्षं राहिला आणि त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर केलं, ते १९०९ मध्ये छापलं गेलं. भाषेवर शेवटचा हात फिरवायला त्याने साहित्यिक इकुता चोको यांना गाठलं, आणि या इकुतांनी थोड्याच वर्षांत जर्मन तत्त्वज्ञ नित्शेचं ‘जरथुष्ट्र’ हे पुस्तकही जपानीत आणलं! म्हणजे एकाच टेबलावर देव आणि देव मेला म्हणणारा. भाषांतरकारांचं असंच असतं, बिल वेगळं निघतं एवढंच. १९२४ मध्ये चर्चने जपानातलं प्रचाराचं काम बंदच केलं, तोवर बाप्तिस्मे झाले होते १७० च्या आत. पुन्हा सुरू झालं ते युद्धानंतर, १९४८ मध्ये.

आणि हो, तुम्ही म्हणाल आपला काय संबंध. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्यातही आला. फारसा थारा मिळाला नाही, काही वर्षांत गाशा गुंडाळला. पुणेरी नकार त्याने कोणत्या शब्दांत ऐकला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आता घरात येऊ. ही मुलं एकटी कधीच नसतात. न्हाणीघर सोडलं तर जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा. जोडीदार निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या येतात, कधी तू जातोस, कधी तो. नवख्याला ‘ग्रीनी’ म्हणतात, घरची आठवण येऊन ढेपाळला तर ‘ट्रंकी’, म्हणजे मन ट्रंक भरून बसलं आहे. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं काय खटकतं ते सांगायचं, हा नियमच आहे. पातळ छतामुळे एक बैठक मला ऐकू आली. मोठा गंभीर आवाजात म्हणाला, ‘तू वाटी चमच्याने खरवडतोस.’ बराच वेळ शांतता. मग धाकटा, ‘आणि तू झोपेत प्रवचन देतोस.’ मी खाली उशीत तोंड खुपसून हसले. कित्येक लग्नं या एका नियमाने वाचतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

नवरा घरी नसेल तर ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. बाईमाणूस एकटी असेल तिथे जायचं नाही, हाही नियम. म्हणून आमच्याकडे जेवायला यायचे ते नवऱ्याची पाळी बघून. एका वर्षी माझी आई तीन महिने आली होती. दार उघडताच तिने विचारलं, ‘चहा टाकू?’ दोघंही एकदम ओशाळले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, काही नाही. १८३३ पासूनचा नियम आहे त्यांचा. आईला हे पटेना. ‘चहासुद्धा नको? मग आलात कशाला?’ मी भाषांतर जरा सौम्य केलं. मग मी मुगिचा काढला, सातूचं थंड पाणी, भाजलेल्या दाण्यांचं. नावात चा आहे पण चहाचं पान नाही, म्हणून तो चालतो. आईने वास घेतला आणि निकाल दिला, ‘हे आपल्या भगरीसारखं आहे. नाव उपासाचं, पोट भरतं.’ महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन जेवणं सोडतात हे कळल्यावर मात्र तिचा विरोध मावळला. उपास करणाऱ्या मुलांबद्दल आईच्या मनात वाईट काही टिकत नाही.

धर्माबद्दल आमच्यात काय बोलणं झालं, असं मला नेहमी विचारतात. एकदा झालं. मी सांगितलं, धर्मांतर हा शब्द आमच्याकडे फार कडू आहे, तुमचं काम मला पटत नाही. थोरल्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि पुढच्या खेपेस खिचडी दोनदा वाढून घेतली. मत माझं आजही तेच आहे.

सोमवार त्यांचा सुट्टीचा, म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत. कपडे, सामान, केस कापणं, घरी पत्र. आम्ही गेलो तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला एक ईमेल. २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला, दर आठवड्याला फोन करता येऊ लागला. त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी धाकटा जिन्याच्या पायरीवर बसलेला दिसला. नागोयात सोमवारची सकाळ म्हणजे युटात रविवारची संध्याकाळ, सगळं घर टेबलाशी. फोनच्या पडद्यावर पाच-सहा डोकी दाटीवाटीने. तो आईशी बोलताना मध्येच अडला. इंग्रजी शब्द आठवेना, जपानी आठवत होता.

आमच्या शेजारच्या घरात एक आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या. हिवाळ्यात रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीत येते आणि लोक अठरा लिटरचे कॅन भरून घेतात. आजींना तो कॅन उचलत नसे. या मुलांनी एकदा उचलून दिला, मग दर आठवड्याला उचलू लागले. धर्माचं काही काढलं की आजी गोड हसून ‘केक्को देस’ म्हणायच्या आणि कॅनकडे बोट दाखवायच्या. दोन जोड्या बदलल्या, तीन बदलल्या, कॅन वेळेवर चढत राहिला. धाकट्याची बदली ठरली तेव्हा तो निरोप घ्यायला गेला, मी सोबत होते. छातीवरच्या पट्टीवर आडनावापुढे ‘चोओरो’ लिहिलेलं असतं, एल्डर या पदवीचं जपानी, अर्थ ज्येष्ठ. एकोणीस वर्षांच्या पोराला ज्येष्ठ! आजींनी चष्मा नसताना फक्त तेवढीच कांजी अक्षरं वाचलेली.

पिशवीभर काकी, म्हणजे पर्सिमनची फळं, त्याच्या हातात देत आजी मला म्हणाल्या, ‘हा चोओरो-सान फार गुणी. इथे आला त्याला चार वर्षं झाली, पण बघा, जरासुद्धा म्हातारा झाला नाही.’