बर्फ उतरल्यानंतरचं झरमॅट

(गिरिभ्रमण करणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच महिन्यांचा हिशेब मांडतो. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट या डोंगरगावाहून हिरमुसून परतणारी आपली माणसं बहुतेक वेळा महिना चुकल्यामुळे हिरमुसलेली असतात. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून आपल्या युरोपच्या सहलीही मे महिन्यातच निघतात. तिकडे मात्र तो दोन हंगामांमधला रिकामा महिना. स्कीइंगला आलेले परत गेलेले असतात, वरच्या पायवाटा अजून बर्फाखाली असतात, बरीच हॉटेलं बंद आणि केबल कार पाळीपाळीने देखभालीला काढलेल्या. चालायचे दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतात जूनच्या अखेरीस आणि सप्टेंबर सरेपर्यंत टिकतात. म्हणजे आपल्याकडे आषाढ लागला, सह्याद्रीत धबधबे सुरू झाले, की तिकडच्या वाटा मोकळ्या होतात. ज्यांना मुलांच्या शाळेचं बंधन नाही त्यांनी मे महिन्याचा हट्ट सोडावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट अशी, की हे गाव मुळात उन्हाळ्याचंच आहे. आज जगभर ते स्कीइंगसाठी ओळखलं जातं. पण एकोणिसाव्या शतकात इथे येणारे पाहुणे, त्यातही इंग्रज गिर्यारोहक, उन्हाळ्यात यायचे. झाइलर घराण्याने इथली पहिली मोठी हॉटेलं चालवली ती त्यांच्यासाठी. खालच्या व्हिस्प गावाहून झरमॅटला येणारी रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि पुढची काही दशकं ती फक्त उन्हाळ्यातच धावायची, कारण हिवाळ्यात दरीच्या दोन्ही बाजूंनी हिमकडे कोसळायचे. हिवाळी पर्यटन इथे रुजलं ते १९२० च्या दशकाच्या शेवटाकडे. त्यामुळे जुलैत झरमॅटला जाणारा माणूस मूळ मोसमातच जातो. त्याने आपण काही उरलंसुरलं बघायला आलोय असं मानू नये.

आता गाव कसं आहे ते सांगतो. उंची साधारण १,६०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुम्ही गाडीतून फलाटावर उतरता तेव्हा जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर असता आणि तिथून पुढे डोंगर सुरू होतो. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात बंदी आहे. मोटारीने आलात तर पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात गाडी ठेवायची आणि शटल रेल्वेने वर यायचं. गावात फिरतात त्या विजेवरच्या छोट्या चौकोनी टॅक्स्या. त्या आवाज न करता मागून येतात, तेव्हा मुलांचा हात धरून चाला.

स्टेशनपासून चालत चर्चपर्यंत गेलात, की थोडं आत हिंटरडॉर्फ नावाचा जुना भाग लागतो. लार्च लाकडाची, उन्हाने काळी पडलेली कोठारं तिथे अजून उभी आहेत. त्यांच्याकडे जरा वाकून बघा. प्रत्येक कोठार लाकडी खुंटांवर उचललेलं आहे आणि खुंट आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी गोल, चपटी दगडी चकती बसवलेली आहे. उंदीर खुंटावरून चढतो, पण चकतीच्या कडेला उलटा लटकून पलीकडे जाऊ शकत नाही. धान्य आणि वाळवलेलं मांस राखायची ही युक्ती. आल्प्सच्या उंच दरीत लोक पर्यटनाआधी कसे जगत होते हे मला संग्रहालयापेक्षा त्या चकतीत जास्त दिसलं.

उन्हाळ्यात, साधारण जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, इथे शेळ्यांचा कळप रोज सकाळी मुख्य रस्त्यावरून चरायला जातो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला परत येतो. झरमॅट ज्या वाले प्रांतात आहे, त्याची ही खास जात आहे. मानेपासून अर्धं अंग काळं, मागचं अर्धं पांढरं, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. कळप हाकायला बहुतेक वेळा गावातली मुलंच असतात. घड्याळांच्या दुकानांसमोरून घंटा वाजवत शेळ्या जातात आणि सगळं गाव कडेला सरकून त्यांना वाट देतं. कळप आता पाहुण्यांसाठीही फिरवला जातो हे खरं आहे, पण चरणं आणि परतणं खरंच आहे.

आता मुख्य विषय, चालणं. एकच दिवस हाताशी असेल तर पाच तळ्यांची वाट करा. गावातून सुनेगाला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, डोंगराच्या पोटातून जाते. ती पाचेक मिनिटांत २,२८८ मीटरवर सोडते. तिथून गोंडोलाने ब्लाउहेर्डला जायचं आणि वीसेक मिनिटं चालून श्टेलीझे या पहिल्या तळ्यावर. सकाळच्या पहिल्या फेरीने जा. ऊन चढलं की वारा सुटतो, पाणी हलायला लागतं आणि गावाच्या डोक्यावरच्या मॅटरहॉर्न शिखराचं प्रतिबिंब मोडतं. पुढे ग्रिंड्यीझे. तिथे लार्चची झाडं आणि गवतात रानफुलं. नंतर ग्र्यूनझे, त्याच्याभोवती जवळजवळ नुसता दगडांचा उतार. चौथं मोस्यीझे. त्याचं पाणी दुधात निळा रंग मिसळावा तसं दिसतं, कारण हिमनदीने खडक दळून केलेली बारीक भुकटी त्यात तरंगत असते. शेवटचं लायझे. इथे मुलं पोहतात, कुटुंबं शेगडी पेटवून जेवण करतात. पाण्यात उतरायचं असेल तर जरूर उतरा, फक्त ते जुलैतही गारठवणारं असतं. सगळी वाट नऊ-दहा किलोमीटरची, जास्त करून उताराची. राजमाची केलेल्या कुणालाही ती जड जाणार नाही. कुठूनतरी कर्कश शिट्टी ऐकू आली तर दगडांकडे नजर टाका. मार्मट नावाचा गुबगुबीत प्राणी मागच्या पायांवर उभा राहून इतरांना सावध करत असतो.

वाटा सापडण्याची चिंता नको. आपल्याकडे दगडावरचा पुसट बाण शोधत अर्धा तास जातो. तिथे प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर नाही, तर लागणारा वेळ लिहिलेला असतो. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की ती डोंगरवाट, म्हणजे पायात चांगले बूट हवेत आणि घसाऱ्याची सवय हवी. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर ती आल्पाइन वाट. दोर, हिमनदी, कातळ यांचा अनुभव नसेल तर तिथून मागे फिरायचं. हे तीन रंग पाठ करून जा. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, तेव्हा कडे-शिखरांवरून दुपारच्या आत खाली यायचा बेत ठेवा.

थरार हवा असेल तर गाडीने दोन स्टेशनं खाली रांडाला उतरा. तिथून चढून गेलं की ४९४ मीटर लांबीचा झुलता पूल लागतो. तो २०१७ साली खुला झाला. आधीचा पूल दरड कोसळून निकामी झाला, म्हणून हा बांधला. रुंदी जेमतेम एक माणूस जाईल एवढी आणि पायाखाली जाळी, त्यामुळे दरी सतत दिसत राहते. चढ चांगलाच आहे, पाणी बरोबर घ्या.

गोर्नरग्राट या माथ्यावर जाणारी रॅक रेल्वे, म्हणजे दातेरी रुळावरून चढणारी गाडी, १८९८ सालची आहे आणि सुरुवातीपासून विजेवर चालते. ती ३,०८९ मीटरवर नेते. समोर मॉन्टे रोझा हा डोंगरसमूह, त्यात स्वित्झर्लंडचं सर्वांत उंच शिखर डुफूरश्पिट्झ, ४,६३४ मीटर, आणि खाली गोर्नर हिमनदी. बहुतेक सहली फोटो काढून त्याच गाडीने परततात. तसं करू नका. परतताना एक स्टेशन खाली, रोटेनबोडेनला उतरा, रिफेलझे तळ्यापर्यंत चाला, पुढे रिफेलबर्गला जाऊन गाडी धरा. पण त्याआधी वरच्या कठड्याशी उभं राहून हिमनदी नीट बघा. दोन्ही कडांना गवत नसलेला, फिकट दगडांचा उंच पट्टा दिसतो. एकेकाळी बर्फ तिथवर होता. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचं सुमारे १० टक्के बर्फ गेलं. २००३ च्या उष्म्याच्या उन्हाळ्यात मॅटरहॉर्नच्या ह्योर्नली धारेवर दरड कोसळून चढाई काही दिवस बंद ठेवावी लागली होती. कातळांना धरून ठेवणारा बर्फ वितळला की डोंगर सुटायला लागतो. आपल्या घाटांत दरडी पाहिलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

उन्हाळ्यात स्कीइंगही होतं. थिओडुल हिमनदीवर, ३,८८३ मीटरवरच्या केबल कार स्टेशनापासून, वर्षभर. भल्या सकाळी सुरू होतं आणि बर्फ मऊ पडला की दुपारच्या सुमारास आटोपतं. वेगवेगळ्या देशांचे संघ तिथे सरावाला येतात. नवशिक्यांनी मात्र यावर पैसे घालू नयेत, तेवढ्यात चालायचे दोन सुंदर दिवस होतात.

गावातल्या मॅटरहॉर्न संग्रहालयासाठी एक तास राखून ठेवा, पावसाच्या दिवशी. १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाच्या तुकडीने मॅटरहॉर्नचा माथा पहिल्यांदा गाठला. सात जण वर पोहोचले, उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवला आहे, करंगळीएवढाही जाड वाटत नाही. सहाच वर्षांनी, १८७१ मध्ये, लूसी वॉकर या शिखरावर पोहोचणारी पहिली स्त्री ठरली.

खर्चाबद्दल अनेकांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. स्वित्झर्लंड महाग आहे, आडपडदा नको. हाफ फेअर कार्ड घेतलं तर रेल्वे आणि बहुतेक केबल कार निम्म्या दरात पडतात. स्टेशनासमोरच सुपरमार्केट आहे, तिथून राय ब्रेड, चीज आणि मोसमात वाले प्रांतातले जर्दाळू घेतले की वाटेवरचं जेवण झालं. कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

आणखी एक चिठ्ठी आहे, आई-वडील सत्तरीचे आहेत, न्यावं का? जरूर न्या. सुनेगाला वर पोहोचल्यावर लायझेकडे उतरायला छोटी लिफ्ट आहे, काठावर निवांत बसता येतं. गोर्नरग्राटला नेताना मात्र सरळ वर जाऊ नका. रिफेलबर्गला, २,५८२ मीटरवर, उतरून तासभर बसा, चहा घ्या, श्वास जागेवर आहे ना ते बघा आणि मग पुढची गाडी धरा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि थिओडुलच्या बाजूचं ३,८८३ मीटरवरचं स्टेशन गाठायचा बेत त्यांच्यापुरता सोडून द्या.