सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

पहाटेचे साडेपाच. कोल्हापूरच्या पश्चिमेला, कुंभी-कासारीच्या उसाच्या पट्ट्यातलं एक गाव. दूध संस्थेच्या दारात बायकांची रांग लागलीय. डोक्यावर पदर, हातात किटली, पायाला गोठ्यातलं शेण अजून ओलंच. दूध मापात ओतलं जातं, फॅट लागते, यंत्रातून पावती बाहेर येते. पावतीवर नाव घरातल्या पुरुषाचं. म्हशीला वैरण घालणारी ती, धार काढणारी ती, रेडकू आजारी पडलं तर रात्र जागणारीही तीच. दहा दिवसांचं बिल जमा होतं ते मालकाच्या खात्यावर.

एवढ्याशा पावतीत आपल्याकडच्या राजकारणाची सगळी शिडी दिसते. कोल्हापुरात पुढारी घडतो तो सेवा सोसायटीत, दूध संस्थेत, साखर कारखान्यात. तिथून जिल्हा बँक, झेडपी, मग आमदारकी. कारखान्याचं सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला सातबारा. सातबाऱ्यावर नावच नाही, तर बाईनं पहिली पायरी चढायची कशी?

म्हणून शालिनीताई पाटील यांची कारकीर्द इथं, या रांगेजवळ उभं राहून बघावीशी वाटते. ताई आमच्या जिल्ह्यातल्या नव्हेत. त्यांचं राजकारण शेजारच्या साताऱ्या-सांगलीतलं. पण ऊस तोच, सहकार तोच, आणि बांधावर राबणारी बाईही तीच. वसंतदादा पाटलांच्या पत्नी म्हणून घर राजकारणातलंच होतं, हे खरं. तरी पुढं त्या बोलल्या, भांडल्या ते स्वतःच्या हिमतीवर.

१९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात ताई महसूल मंत्री. महसूल! म्हणजे तलाठी, तहसीलदार, फेरफार, सातबारा. गावोगावच्या ज्या दप्तरात शेतकरी बाईचं नाव शोधून सापडत नव्हतं, त्या दप्तराचं अख्खं खातं एका बाईच्या हाताखाली आलं. बाईला मंत्री करायचं तर महिला-बालकल्याण नाहीतर समाजकल्याण द्यायचं, ही रीत आजही सुटलेली नाही. म्हणून त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले, सांगलीची लोकसभेची जागा मोकळी झाली आणि पोटनिवडणुकीत ताई खासदार झाल्या. पुढं कोरेगावातून १९९९ आणि २००४ अशा दोनदा आमदार. आरक्षण आर्थिक निकषावर द्या, ही भूमिका त्यांनी स्वतःच्या पक्षाला न जुमानता मांडली आणि त्यापायी राष्ट्रवादीशी काडीमोड झाला.

कोरेगाव तालुक्यात चिमणगावला जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना त्यांनी उभा केला. कर्जापोटी राज्य सहकारी बँकेनं तो ताब्यात घेतला, २०१० मध्ये लिलाव झाला. ताई गप्प बसल्या नाहीत. उतारवयातही त्या या विक्रीविरुद्ध कोर्टात भांडत राहिल्या. कारखाना हातचा जाणं म्हणजे काय, हे ज्यानं गळीत हंगामात घरचा ऊस वाळताना पाहिलाय, त्याला वेगळं सांगायला नको.

कायदे आले. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. पण लेक माहेरी आली की हक्कसोडपत्र पुढं येतं. सही केली नाही तर भावाचं दार बंद होईल, ही भीती खरी असते. लुगडं-चोळी घेऊन ती सासरी परतते, आणि तिकडच्या सातबाऱ्यावरही तिचं नाव नसतंच.

२०१३ पासून सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण ‘गोकुळ’च्या, म्हणजे जिल्हा दूध संघाच्या, निवडणुकीत गावच्या दूध संस्थेतर्फे मतदान कुणी करायचं, त्याचा ठराव गावातच होतो.

रांग सरकतेय. किटली रिकामी करून, पावती कमरेला खोचून ती घराकडं वळते. संस्थेच्या भिंतीवर वार्षिक सभेची नोटीस लागलीय. आत, चहाच्या कपांभोवती, यंदाचा ठराव कुणाच्या नावानं करायचा याची बोलणी चाललीत.