रात्रीतून फुटलेलं टाकं

(दृश्य : सकाळचं ऊन. काँक्रीटचा मोठा ठोकळा, वरून खालपर्यंत गेलेली भेग. भेगेत सब्बल घालणारा मजूर.)

हा ठोकळा काल संध्याकाळी अखंड होता. एकेकाळी यावर उडी मारायची फळी बसवलेली होती. रात्रभर इथे कुणी घण मारला नाही, ब्रेकर चालवला नाही. पलीकडच्या गच्चीवर माणसं झोपली होती, त्यांना काही ऐकूही गेलं नाही. आता या भेगेत सब्बल मुठीपर्यंत जाते.

(ठोकळ्याचा तुकडा सुटून पडतो. इथे निवेदन नको, पडण्याचा आवाज तसाच राहू द्या.)

(दृश्य : गच्चीवरून दिसणारा बंगला, कडुनिंब, रिकामा पोहण्याचा तलाव, निळ्या टाइल्स.)

पश्चिम नागपूरची जुनी वस्ती. धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर या भागांत अंगण असलेले बंगले अजून थोडे उरले आहेत. त्यांतल्याच एकाच्या मागच्या अंगणात हा तलाव आहे. साधारण आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. मिस्त्री आणि त्यांची माणसं याला ‘टाकं’च म्हणतात. घरात आता पोहणारं कुणी नाही. पावसाळ्यात पाणी साचतं, डासांच्या अळ्या होतात. घरमालक काकाजींनी ठरवलं, टाकं काढायचं.

आता बघा, सामाईक भिंत. तलावाच्या खोल टोकापासून ती हातभर अंतरावर आहे आणि तिच्या पलीकडे विटा-चुन्यातलं जुनं घर. खाली विदर्भाची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, त्यामुळे त्या घराच्या भिंतींवर तड्यांच्या रेषा आधीपासून आहेत. इथे पोकलेनला ब्रेकर लावला असता तर प्रत्येक ठोका मातीतून थेट त्या भिंतींना बसला असता. शिवाय कानांचाही प्रश्न आहेच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. ब्रेकर सुरू झाला की शेजारच्या घरात फोनवर बोलता येत नाही. हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. गेली काही वर्षं शहरात कुठे ना कुठे काहीतरी फुटतंच आहे.

(दृश्य : पावडरची पिशवी कापली जाते. राखाडी-पांढरी पावडर. जवळून.)

म्हणून ब्रेकरऐवजी ही पावडर. बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळते, कामावरची माणसं हिला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात. हिच्यात मुख्य आहे कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. जोडीला थोडं सिमेंट आणि वेग आवरणारी काही द्रव्यं. खर्र्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूत, घोटतात तो चुना विझवलेला असतो, त्याचं पाणी पिऊन झालेलं असतं. इथला चुना अजून तहानलेला आहे. पाणी मिळालं की त्याचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं, उष्णता बाहेर पडते आणि घनरूपातलं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. मोकळ्या घमेल्यात हे झालं तर चुना फुगून भुरभुरीत होतो, बस. पण चारी बाजूंनी काँक्रीट आवळून धरलेल्या अरुंद भोकात त्याला जायला जागा नसते. मग दाब चढत जातो, दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलोंच्याही वर.

काँक्रीट दाबाला पक्कं असतं. ताणाला मात्र त्याची ताकद साधारण दहावा हिस्सा. भोकातला चुना नेमका हा ताणच देतो. भोकाच्या कडेला केसासारखी रेघ उमटते, ती शेजारच्या भोकाकडे धावते आणि जिथे मोकळी बाजू सापडेल तिथे उघडते.

(दृश्य : खाणीचं जुनं छायाचित्र. लाकडी पाचरी ठोकलेला दगड.)

कल्पना जुनीच आहे. दगडात भोकं पाडून त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि त्यांवर पाणी ओतायचं, लाकूड फुगलं की शिळा सुटते. पूर्वी खाणींमध्ये असंच करत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कोळसा खाणींत चुन्याच्या नळकांड्या वापरून बघितल्या गेल्या, कारण तिथे ज्वालाग्राही वायूमुळे सुरुंगाची धास्ती होती. आजच्या पावडरचं रूप १९७० च्या दशकात जपानमध्ये घडलं. आणि देशभरच्या स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं, ‘पेसो’चं मुख्यालय कुठे आहे? इथेच, सेमिनरी हिल्सला. या अंगणापासून फार लांब नाही. या कामासाठी मात्र त्या दारात जावं लागत नाही, कारण हे स्फोटकच नव्हे.

(दृश्य : टाइल्स काढलेली भिंत. खडूच्या खुणा. ड्रिल सुरू.)

आवाज अजिबात होत नाही असं मात्र नाही. हा ड्रिल ऐका. पण तो दिवसाउजेडी चालतो, थांबून थांबून, आणि त्याचा हादरा भिंतीपलीकडे फारसा पोहोचत नाही.

सगळं यश या खडूच्या खुणांवर आहे. भोकं ३८ मिलिमीटर व्यासाची. नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यात ती जरा लांब लांब चालतात, सळ्या असलेल्या भिंतीत जवळ घ्यावी लागतात, वीतभर किंवा थोडी जास्त. भिंतीत वरून सरळ खाली जायचं, पण आरपार नाही. तळाची गोष्ट वेगळी. तिथे जाडी जेमतेम १५ सेंटिमीटर. सरळ भोक पाडलं तर ते उथळ होतं, चुन्याला पकड मिळत नाही आणि सगळा जोर वरच्या तोंडातून निघून जातो. म्हणून तळाला भोकं तिरपी, ४५ अंशांत. तेवढीच लांबी वाढते.

(दृश्य : भोकात नळी घालून हवा मारली जाते. धुळीचा लोट.)

भोकातली भुकटी हवेनं काढून टाकायची. मजुरांच्या तोंडाला फडकी आहेत. मास्क हवे होते, आणि ते या कामात चैनीची वस्तू समजले जाऊ नयेत.

(दृश्य : संध्याकाळ. बर्फाची लादी, बादल्या, ओली पोती.)

मे महिना. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, अजून लागायचा आहे, तरी पारा ४५ च्या आसपास. नागपुरात हे काम करताना खरा वैरी ऊन आहे. काँक्रीट तापलेलं असेल तर चुना भराभर विझतो, भोकात पाण्याची वाफ होते आणि लगदा जोरात उडून बाहेर येतो. डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्यासाठी उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची पावडर वेगळी येते, उन्हाळ्याची सावकाश काम करणारी. पोती दिवसभर ओली करून काँक्रीटवर घातली, पावडर सावलीत ठेवली, पाण्यात बर्फ टाकला आणि भरायला संध्याकाळ गाठली.

मिस्त्री भंडाऱ्याकडचे आहेत. ते सांगतात, “मागच्या साली एका जागी दुपारीच भरलं होतं जी. एकजण वाकून पाहून राह्यला होता. टोपीच उडाली त्याची! डोस्कं वाचलं म्हणून बरं.”

(दृश्य : मिश्रण. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल. वरून घेतलेला शॉट, पूर्ण चालू द्या.)

पाच किलोच्या पिशवीला दीड लिटर पाणी. आधी पाणी, मग पावडर, थोडी थोडी. धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत झालं की थांबायचं. पाणी वाढवलं तर भरणं सोपं होतं आणि जोर मरतो. मिस्त्री हे पोरांना पुन्हा पुन्हा बजावतात, “ढिलं करू नोको. ढिलं झालं तं सकाळी काहीच नाही भेटत.” कालवल्यापासून दहा मिनिटांच्या आत भोकात गेलं पाहिजे, या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून एकदम मोठी बादली कालवत नाहीत. एक पिशवी कालवायची, ओतायची, मग दुसरी. एक मीटर भोकाला साधारण दोन किलो पावडर लागते. भोक तोंडापर्यंत भरायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. यानंतर भोकावर कुणी वाकायचं नाही.

(दृश्य : ताडपत्री ओढली जाते. फाटकाला दोरी. अंधार.)

काकाजी दोनदा बॅटरी घेऊन आले. मिस्त्रींनी त्यांना दोरीपाशीच थांबवलं. “काऊन घाई करता काकाजी? आपल्या मनानंच फुटते ते. तुमी झोपा.”

(दृश्य : रात्रीचं टाइमलॅप्स. ठोकळ्याच्या पृष्ठभागावर रेघ उमटते, रुंदावते, दुसऱ्या भोकाला मिळते. संगीत नको. निवेदन नको.)

(दृश्य : पहाट. भिंतीच्या माथ्यावर भोकांमागून भोकं जोडत गेलेली भेग. काकाजी आणि काकू काठावर उभे.)

(निवेदन नको.)

(दृश्य : पलीकडच्या घराची भिंत. जुना तडा, त्यावर चिकटवलेली काचेची पट्टी, अखंड.)

ही काच आदल्या दिवशी तड्यावर आडवी चिकटवली होती. भिंत जरा सरकली असती तरी ती तडकली असती.

(दृश्य : सब्बल, घमेली, ग्राइंडरच्या ठिणग्या, भंगारवाल्याचा काटा.)

सळ्या चुन्यानं तुटत नाहीत, त्या ग्राइंडरनं कापाव्या लागतात. लोखंड किलोवर गेलं, मलबा ट्रॉल्यांनी. २०१६ पासून बांधकामाच्या मलब्यासाठी वेगळे नियम आहेत, तो नाल्याकाठी लोटता येत नाही. खर्च ब्रेकरपेक्षा जास्त येतो, वेळही जास्त जातो.

(दृश्य : मुरमाची ट्रॉली रिकामी होते. पाणी मारणं, धुमस.)

तळ पूर्ण काढला, हे बरं केलं. बरेच जण तळ तसाच ठेवून वरून माती लोटतात. मग जमिनीखाली पाणी साचतं आणि वरची माती दलदलीची राहते. उचलायचाच नसेल तर निदान तळाला आरपार भोकं तरी पाडावीत. भरावाला काळी माती नको, मुरूमच हवा, आणि तोही वीत-वीतभर थर टाकून, पाणी मारून, ठोकून. वरच्या दोन फुटांत बागेची माती चालेल.

काकूंना तिथे मोगरा लावायचा आहे. काकाजींना गाडीसाठी फरशी घालायची आहे, तीही पावसाआधी. मिस्त्री धुमस खाली ठेवून त्यांच्याकडे बघतात.

“दोन पावसाळे जाऊ द्या जी, बसू द्या त्याले. तवर मोगराच लावा.”