तोंडाचा वास : जिभेच्या मुळापासून

[चित्र : चहाचा स्टीलचा चमचा, अगदी जवळून]

चमचा पालथा धरायचा, जीभ बाहेर काढायची आणि जिभेच्या मागच्या भागावरून, जिथे ओकारी येईलसं वाटायला लागतं तिथून, हलक्या हाताने पुढे ओढायचा. चमच्याच्या कडेला पिवळसर, चिकट साय येते. पाच-दहा सेकंद जाऊ द्या आणि मग वास घ्या. बोलताना समोरच्याला तुमच्या तोंडाचा जो वास येतो, तो साधारण हाच.

तोंडापुढे ओंजळ धरून फुंकर मारली, तर काही कळत नाही. चोवीस तास सोबत असलेल्या वासाची नाकाला सवय होऊन जाते. चमच्याची परीक्षासुद्धा जेवणानंतर किंवा दात घासल्यावर लगेच करू नये. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

आपल्याकडे तोंडाला वास येतो म्हटलं, की उत्तर ठरलेलं : "पोट साफ नाही." मग रात्री त्रिफळा, सकाळी इसबगोल, आणि वास आहे तिथेच. पोटाकडून तोंडाकडे येणारी अन्ननलिका एरवी मिटलेली असते. घास गिळताना किंवा ढेकर देताना तेवढी उघडते. पोटातला वास दिवसभर वर येत राहील, अशी मोकळी वाटच तिथे नाही. कायम आंबट ढेकरा येणारे, छातीत जळजळणारे थोडे लोक याला अपवाद. बाकी दहातल्या आठ-नऊ जणांच्या वासाचा उगम तोंडातच असतो, आणि तोंडातही मुख्य जागा दोन : जिभेचं मूळ आणि हिरडीची खाच.

[चित्र : जिभेचा पृष्ठभाग, मोठा करून]

लांबून जीभ गुळगुळीत वाटते. भिंगाखाली ती दाट विणीच्या गालिच्यासारखी दिसते. पुढचा भाग बोलता-खाताना दातांवर, टाळूवर घासला जातो, म्हणून बराच स्वच्छ राहतो. मागचा भाग कशालाच फारसा लागत नाही. तिथल्या फटींत गळून पडलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि नाकाच्या मागून घशात उतरणारा शेंबूड साठतो. खाली हवा पोहोचत नाही, आणि हवा नसतानाच फोफावणारे जिवाणू तिथे घर करतात. त्यांचं खाणं म्हणजे प्रथिनं. गंधक असलेली प्रथिनं मोडली की मुख्यतः दोन वायू सुटतात : हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा, आणि मिथाइल मरकॅप्टन, कुजलेल्या कोबीसारखा. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरला जो वास असतो, तो याच दुसऱ्या वायूच्या भावंडाचा, इथाइल मरकॅप्टनचा. गळती झाली तर लगेच कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात, कारण माणसाचं नाक तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही पकडतं. तोंडातला वायू एवढासा असूनही त्याचा वास लपत का नाही, ते यावरून लक्षात येईल.

या सगळ्याला आवर घालणारी गोष्ट म्हणजे लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ती तोंड धुऊन काढते आणि जिवाणूंना नको असलेला प्राणवायूही आणते. झोपेत ती जवळजवळ थांबते. सकाळचा वास त्यातूनच येतो, निरोगी माणसालाही येतो आणि चूळ, न्याहारी, दात घासणं झालं की जातो. तो आजार नव्हे. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला किंवा घोरणाऱ्याला मात्र हा त्रास जास्त होतो. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्याही लाळ आटवतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना "तोंड कोरडं पडतं" एवढं सांगा, बदल तेच करतील. दिवसभर घोटघोट पाणी आणि बिनसाखरेचं च्युइंगगम यांनी बराच फरक पडतो.

[चित्र : आरशासमोर, हातात जीभ साफ करायची तांब्याची पट्टी]

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जीभ खरवडायची साधनं सांगितली आहेत : सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळ यांची, वाकडी आणि धार नसलेली. कारणही तिथेच दिलं आहे. जिभेच्या मुळाशी साठलेला मळ दुर्गंधी आणतो. आजचा दंतवैद्यही त्याच जागेकडे बोट दाखवतो, आणि बहुतेक लोक नेमकी तीच जागा सोडतात. पट्टी जिभेच्या मध्यावर ठेवून पुढे ओढली की काम झालं असं वाटतं. मळ तर त्याच्या मागे असतो.

करायचं असं. जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास सोडत राहा. श्वास सोडताना ओकारी कमी येते. पट्टी जमेल तितकी मागे टेकवा आणि एकाच दिशेने पुढे ओढा. दाब इतकाच, की साय निघेल आणि जीभ दुखणार नाही. प्रत्येक वेळी पट्टी नळाखाली धुवा. चार-पाच वेळा पुरे. रक्त आलं, जीभ चुरचुरली, तर दाब जास्त झाला. पहिल्या आठवड्यात ओकारी येते म्हणून सोडून देऊ नका. रोज थोडं थोडं मागे सरका, सवय होते. सकाळी एकदा करावंच, आणि रात्रीही केलं तर झोपेतल्या जिवाणूंचं खाणंच कमी होतं.

आता हिरडी. मागच्या दोन दाढांच्या मधून फ्लॉसचा दोरा ओढा आणि त्याचा वास घ्या. जिभेपेक्षा हा वास जहाल असेल, किंवा दोऱ्याला रक्त लागलं, तर दुखणं हिरडीचं आहे. रक्त येतं म्हणून लोक तिथे ब्रश फिरवायचंच थांबवतात, मग मळ वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं. हे चक्र तोडायला तिथेच, मऊ ब्रशने, घासावं लागतं. ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरायचा, छोटे झटके द्यायचे, एका वेळी दोन-तीन दात घ्यायचे. सगळं मिळून दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. पेस्ट वाटाण्याएवढी.

दातावर किटण जमून घट्ट झालं, की ते कुठल्याच ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडेच काढून घ्यावं लागतं. किटण काढल्याने दात सैल होतात, ही भीती गावोगावी आहे. खरं तर किटणाखाली हिरडी आधीच खचलेली असते. आधार दिल्यासारखं वाटणारं किटण निघाल्यावर दाताचं हलणं जाणवतं, एवढंच. न काढलं तर हाड झिजत राहतं आणि दात खरंच जातो.

काही जागा हमखास सुटतात. अर्धवट उगवलेली अक्कलदाढ आणि तिच्यावरची हिरडीची झडप. सैल झालेली कॅप. गेलेल्या दाताच्या जागी बसवलेल्या ब्रिजखालची पोकळी. आणि कवळी : ती रात्री काढून, मऊ ब्रशने घासून, साध्या पाण्यात ठेवायची. कोरडी ठेवली किंवा उकळत्या पाण्यात टाकली तर तिचा आकार बिघडतो.

माउथवॉश सगळ्यात शेवटी. मळ काढल्याशिवाय त्याचा उपयोग उकिरड्यावर अत्तर शिंपडण्याइतकाच. दंतवैद्य पुष्कळदा जंतू मारणारं ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिन देतात : साधारण १० मिली, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दात घासल्यावर अर्धा तास थांबून मगच वापरावं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. जस्त असलेलं माउथवॉश गंधकाच्या वायूंना बांधून टाकतं, तेही चांगलं.

[चित्र : खलबत्ता, लसणीची चटणी]

लसणाचं गणित वेगळं आहे. त्यातला एक गंधकयुक्त पदार्थ पचनानंतर रक्तात उतरतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून कितीही दात घासले तरी तो वास काही तास टिकतोच. जेवणासोबत दही, दूध किंवा कच्चं सफरचंद घेतलं तर कमी होतो. निरंकार उपासाच्या दिवशी येणारा वासही असाच आतला : शरीर चरबी जाळायला लागलं, की ॲसिटोन नावाचं रसायन सुटतं. उपास सुटला की हा वास जातो.

मशेरीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्याकडच्या कितीतरी बायका दात स्वच्छ करायचं साधन म्हणून रोज हिरडीला चोळतात. वास तिच्यानेच वाढतो, हिरडी मागे सरते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, पुसून न जाणारा पांढरा चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर वासाची गोष्ट बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

तोंड मिटून फक्त नाकाने सोडलेल्या श्वासाला वास येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सायनस असू शकतो. टॉन्सिलच्या खळग्यांतून भातासारखे पांढरे, दुर्गंधी खडे पडत असतील, तरीही तिथेच. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी ते सुटे व्हायला मदत होते. पिनने टोकरू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत बहुधा काहीतरी अडकलेलं असतं : चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा. चिमट्याने ओढायला जाल तर ते आणखी आत सरकेल. तेही याच डॉक्टरांना काढू द्या. बटणासारखा सेल असल्याची शंका असेल तर क्षणभरही थांबू नका, तो काही तासांत आतलं कातडं जाळतो.

मधुमेही माणसाच्या श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास, सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल, तर ताबडतोब रुग्णालय. लघवीसारखा वास मूत्रपिंडाकडे बोट दाखवतो. हे प्रकार विरळ, पण यांत घरगुती उपाय करत बसणं जिवावर बेतू शकतं.

आणि एक माणूस असा असतो, ज्याच्या तोंडाला वास येतच नसतो, पण येतो असं त्याला वाटत राहतं. लिफ्टमध्ये कोणी नाकाला रुमाल लावला, की तो तोंडावर हात धरतो, मित्रांत बसणं सोडतो, दिवसातून सहा वेळा दात घासतो. त्याला "काही नाही रे" म्हणून भागत नाही. विश्वासाच्या माणसाने अगदी जवळून, वेगवेगळ्या तीन दिवशी वास घ्यावा, जमलं तर दंतवैद्यानेही. तिन्ही वेळा काही सापडलं नाही, तर पुढची भेट मानसोपचारतज्ज्ञाची. ही भीती औषधाने आणि समुपदेशनाने कमी होते, आणि तो पुन्हा मित्रांमध्ये येऊन बसू शकतो.