तीळ गप्प का बसतो अन् कधी उसळतो?

रामराम मंडळी! हा माझ्या दंडावरचा तीळ बघा. (दंड कॅमेऱ्याजवळ.) अशा बहुतेक तिळांच्या पेशींत बीआरएएफ नावाचं जनुक बिघडलेलं असतं. मेलॅनोमा या त्वचेच्या जीवघेण्या कॅन्सरमध्येही, जवळपास निम्म्या गाठींत, हाच बिघाड सापडतो. २००२ साली हे उजेडात आलं. मग हा तीळ कॅन्सर का नाही?

कारण नुसत्या बिघाडानं भागत नाही. जनुक पेशीत असणं वेगळं अन् ते चालू होऊन त्यातून प्रथिन तयार होणं वेगळं. यालाच जनुक अभिव्यक्ती म्हणतात. बीआरएएफ पेशीमागे वाढण्याचा लकडा लावतं, तेव्हा पी१६ सारखी प्रथिनं तयार होऊन विभाजन रोखतात. तीळ वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. पी१६ चं जनुक हरवलं, किंवा त्यावर रासायनिक खूण चिकटून ते बंद पडलं, की हा मोठा अडसर गेला.

मला जास्त धास्ती वाटते ती पुढच्या गोष्टीची. एकाच गाठीत, डीएनए जवळपास सारखा असूनही, पेशी सारख्या वागत नाहीत. एमआयटीएफ नावाचं प्रथिन हा रंगपेशींचा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा, कारभारी; तीळ अन् मेलॅनोमा याच पेशींतून होतात. तो जोरात असला की पेशी भराभर वाढतात. तो मंदावला की त्याच पेशी वाढ सोडून आजूबाजूला घुसतात, फुफ्फुसापर्यंत, मेंदूपर्यंत जातात अन् तिथं पुन्हा पालटून वाढतात. बीआरएएफला अडवणारी गोळी २०११ मध्ये आली. गाठ विरघळते, पण पुष्कळदा काही महिन्यांनी उलटते. त्यामागं हे पालटणंही असतं.

आता आपल्या वावरातलं. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य आपल्याला सांभाळतं, म्हणून चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हातही मेलॅनोमा आपल्याकडे कमीच. पण झाला तर बरेचदा तळपायावर नाहीतर नखाखाली होतो, जिथं ऊन फारसं पोचतच नाही. पऱ्हाटीत अनवाणी निंदणाऱ्या बाईला तो काळा चट्टा काट्याचं कुरूप वाटतो. मग बिब्बा लावतात, ब्लेडनं तासतात, अन् त्यात महिने जातात.

माय-बहिणींनो, काकाजी, असं करू नका. चट्टा पसरतोय, कडा वेड्यावाकड्या, रंग कुठं काळा कुठं तपकिरी, रक्त येतंय, किंवा नखातली काळी रेघ रुंद होतेय? सेवाग्रामला नाहीतर नागपूरला त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तुकडा काढून तपासायला सांगितलं तर घाबरू नका, त्यानं कॅन्सर पसरत नाही. आज रात्री म्हाताऱ्या आईचे पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट, टॉर्चच्या उजेडात बघून घ्या.