पेटीतलं क्षेपणास्त्र

ही पेटी पाहा. झाकण उघडून जमिनीवर ठेवायचं, तेच या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचं आसन. आतले दोन भाग जोडले की काम झालं. क्षेपणास्त्राचं वजन अकरा किलोच्या आत. रशियन भाषेत नाव ‘माल्युत्का’, म्हणजे तान्हुलं. जगाला मात्र ते ‘सॅगर’ म्हणूनच माहीत झालं.

६ ऑक्टोबर १९७३. इजिप्तचं पायदळ सुएझ कालवा ओलांडून सिनाईच्या वाळूत उतरलं, तेव्हा कितीतरी जवानांच्या पाठीवर ही पेटी होती. त्यांचे स्वतःचे रणगाडे अजून पलीकडच्या तीरावर होते. समोरून इस्रायली रणगाडे आले, तेही पायदळाची फारशी सोबत न घेता. जवळ आले त्यांना आरपीजी, म्हणजे खांद्यावरून डागायचं रॉकेट होतं, लांब थांबले त्यांना सॅगर.

पण आपण नीट पाहायचं ते डागणाऱ्या माणसाकडे. तो पेटीपासून १५ मीटरपर्यंत बाजूला, वाळूत पालथा पडलेला. डोळा पेरिस्कोपला, मुठीत एक छोटी दांडी. क्षेपणास्त्र सुटतं, मागे बारीक तार उलगडत जाते. शेपटीला जळणारा ठिपका आणि लांबचा रणगाडा, दोन्हींवर नजर ठेवून तो ठिपका दांडीने रणगाड्यावर न्यायचा. तीन किलोमीटर गाठायला जवळजवळ २५ सेकंद. तेवढा वेळ समोरून गोळीबार होत असताना हात थरथरू द्यायचा नाही. यासाठी या पोरांनी सिम्युलेटरवर अखंड सराव केला होता. माझ्या मते त्या लढाईतलं खरं शस्त्र म्हणजे तो सराव.

सगळी मदार डागणाऱ्यावर आहे, हे इस्रायली रणगाडेवाल्यांनीही काही दिवसांतच हेरलं. धुराचा लोट दिसला की इशाऱ्याची आरोळी, रणगाडा नागमोडी पळवायचा आणि धूर दिसला तिकडे गोळ्यांचा मारा. डागणारा मरायलाच हवा असं नव्हतं. त्याने मान खाली घातली तरी नेम चुके.

पुढच्या पिढीच्या ‘मिलान’ या क्षेपणास्त्रात दांडी गेली. नेम लक्ष्यावर धरून ठेवला की पुरे; तरी तार राहिली आणि माणूस जागीच अडकून राहिला.

सप्टेंबर २०१८. आपल्या अहमदनगरचं चाचणी क्षेत्र. डीआरडीओचं खांद्यावरून नेता येणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र इथे डागलं गेलं. त्याला तार नाही. लक्ष्याची उष्णता ओळखून ते स्वतःच वाट काढतं. ते हवेत असतानाच जवानाने सामान उचललेलं असतं आणि तो दुसऱ्या आडोशाकडे निघालेला असतो.